किशोरकुमार: नट की गायक?

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. घरची खुशाली वाचून बरं वाटलं, पण शेवटच्या ओळीला मात्र ठेच लागली. ‘किशोरकुमार गायक म्हणून थोर, नट म्हणून नुसत्या माकडचेष्टा,’ असं लिहून मोकळा झालास! लेका, त्याच्यातला नट काढून घेतलास तर गाणं उरेल का अर्धं तरी?

संगीतकार सलील चौधरींचंच घे. १९५४ साली ‘नौकरी’ आला, नायक किशोर. हा कुणाकडे रीतसर गाणं शिकलेला नाही म्हटल्यावर सलीलदा त्याला गायला द्यायलाच तयार नव्हते. ‘छोटा सा घर होगा’ हेमंतकुमारांनी गावं, असं त्यांच्या मनात होतं. किशोर हात धुऊन मागे लागला, तेव्हा कुठे ते त्याच्या पदरात पडलं. पुढे १९६२ च्या ‘हाफ टिकट’मध्ये याच सलीलदांचं ‘आके सीधी लगी दिल पे’. त्यातला बाईचा आवाज खरं तर लताबाईंचा असायचा. त्या त्या वेळी मिळेनात, तर हा पठ्ठ्या म्हणाला, दोन्ही मीच गातो. पडद्यावर बाईच्या वेशात हा आणि समोर प्राण, म्हणजे याचा पुरुषी आवाज गेला प्राणच्या वाट्याला आणि स्वतःच्या तोंडी बायकी! एकदा डोळे मिटून ऐक. आवाज नुसता बारीक केलेला नाही. बाईच्या ओळीत मुरका आहे, पुरुषाच्या ओळीत आडदांडपणा आहे, आणि एकाची ओळ संपते न संपते तोच दुसरं उसळून उत्तर देतं. सांग आता, हे गळ्याचं काम की नटाचं?

याच्या उलटही झालंय. ‘रागिनी’त (१९५८) शास्त्रीय ढंगाचं ‘मन मोरा बावरा’ ओ. पी. नय्यर यांनी रफीसाहेबांकडून गाऊन घेतलं आणि पडद्यावर ओठ हलवले ते किशोरने. दुसऱ्या वर्षी ‘शरारत’मध्ये ‘अजब है दास्तां तेरी’, तिथेही गळा रफीसाहेबांचाच.

पण माझा हुकमी एक्का ‘पडोसन’. त्यातली गंमत आपण हसण्याच्या नादात विसरतो. खिडकीशी सुनील दत्त नुसता तोंड हलवतोय आणि आड लपून गातोय त्याचा गुरू विद्यापती, म्हणजे आपला किशोर. अरे, पार्श्वगायनच की ते, उघडउघड! स्टुडिओत आयुष्यभर जे केलं त्याचीच टर त्याने पडद्यावर उडवली. त्यात ‘एक चतुर नार’मध्ये समोर मेहमूदला आवाज मन्नादांचा, म्हणजे मन्ना डेंचा, रियाजी गवई आणि हरतो मात्र तोच. मन्नादांच्या ताना आणि किशोरचा खट्याळपणा, दोघांपैकी कुणी तसूभर कमी पडलं असतं तर गाणं आडवं झालं असतं.

आणि मूळ ‘एक चतुर नार’ कुणाचं? दादामुनींचं! अशोककुमारांनी ते १९४१ च्या ‘झूला’त गायलं होतं. ‘झुमरू’तलं ‘कोई हमदम ना रहा’ही त्यांचंच, १९३६ च्या ‘जीवन नैया’तलं. ‘झुमरू’चं संगीत किशोरचं स्वतःचं, तरी हे गाणं त्याने थोरल्या भावाकडून घेतलं. भावाच्या एका गाण्यावर लोकांना रडवलं, दुसऱ्यावर पोट धरून हसवलं.

१९६४ साल तर बघच. तिकडे सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’त सौमित्र चटर्जींसाठी रवींद्रनाथांचं ‘आमि चिनि गो चिनि’ गायला. इकडे ‘दूर गगन की छाँव में’ स्वतः काढला. युद्धावरून परतलेला बाप आणि त्याचा मुका मुलगा, अशी उदास गोष्ट. मुलाच्या कामाला त्याचाच मुलगा अमितकुमार. ‘आ चल के तुझे’चे शब्द, चाल, आवाज सगळं त्याचंच. माकडचेष्टा करणाऱ्याला हा सिनेमा सुचला कसा, ते तू सांग.

आणीबाणीत काँग्रेसच्या कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून १९७६ साली आकाशवाणी-दूरदर्शनवर त्याची गाणी बंद झाली, ते तुला सांगायला नको. त्या वेळी सरकारवर माझ्यापेक्षा जास्त तूच चिडला होतास.

आता ‘पडोसन’ पुन्हा बघ आणि मगच भांडायला बस. वहिनींना नमस्कार. त्या माझ्या बाजूने आहेत, हे मला ठाऊक आहे.

तुझाच,
मोहन