सहा डेसिबलच तर आहेत

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझ्या अहवालातल्या आकड्याचा विषय निघाला, तेव्हा तू म्हणालीस, "आई, सहा डेसिबलच तर आहेत," आणि लगेच विषय बदललास. खटकल्याशिवाय तू विषय बदलत नाहीस, म्हणून मीही तेव्हा ताणलं नाही. पण रात्री झोप लागेना, तेव्हा कागद घेऊन बसले.

आधी हिशेब. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट शक्ती, सहा म्हणजे चौपट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल सहा डेसिबलने पडतो. म्हणजे इमारती-झाडांच्या आडोशामुळे होणारी घट तू बारावरून अठरा केलीस, की उपग्रहाशी जोडलेल्या जमिनीवरच्या त्या अर्थ स्टेशनपासून क्लायंटच्या मोबाईल टॉवरांनी राखायचं चार किलोमीटरचं अंतर दोनवर येतं. क्षेत्रफळ मांडून बघ, एक चतुर्थांश उरतं. तुझ्या साहेबांना हे माहीत आहे, क्लायंटलाही. माहीत नसणार ते फक्त सारांश वाचून सही करणाऱ्या नियामकाच्या अधिकाऱ्याला. तो आकडा परिशिष्टातल्या कुठल्यातरी तक्त्यात, तळाला असणार ना!

अठरा हा आकडा खोटा नाही, असं तू म्हणशील. मान्य. आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, पी.2108 शिफारस पुन्हा एकदा उघड. तिथे आडोशाची घट हा एक ठरलेला आकडा नाहीच, ती ठिकाणांच्या टक्केवारीनुसार बदलते. 50 टक्क्यांचा आकडा धरलास तर उरलेल्या निम्म्या ठिकाणी आडोसा त्याहून कमी मिळणार. क्लायंटचं एखादं बेस स्टेशन, म्हणजे टॉवर, त्या निम्म्यात पडलं तर? अठरा कितव्या टक्क्यावर बसतो, हे तुला कुणी सांगितलं का? तू विचारलंस का?

2019 साली इजिप्तमध्ये शर्म अल-शेखला जागतिक रेडिओ परिषद भरली, तेव्हाचा वाद याच जातीचा होता. 24.25 गिगाहर्ट्झपासून वरचा पट्टा मोबाईलला द्यायचा होता. त्याच्या खाली, 23.6 ते 24 गिगाहर्ट्झमध्ये हवामानाचे उपग्रह काही पाठवत नाहीत, नुसते ऐकतात. हवेतली पाण्याची वाफ आपण होऊन जे अतिशय क्षीण उत्सर्जन करते, ते. मोबाईलला दुसरा बँड शोधता येतो, वाफेला कुठून शोधणार? शेवटी त्या पट्ट्यात मोबाईलच्या गळतीची मर्यादा ठरली ती हवामानवाल्यांना हवी होती त्याहून सैल. नव्या बेस स्टेशनांसाठी 200 मेगाहर्ट्झमागे उणे 33 डेसिबल-वॅट, आणि 1 सप्टेंबर 2027 नंतर सुरू होणाऱ्यांसाठी त्याहून कडक, उणे 39. फरक किती? सहाच. त्या सहांसाठी लोकांनी रात्री जागवल्या.

आता माझी फजिती ऐक. ही तुला कधी सांगितली नव्हती.

मी नवीन होते. एका विमानतळाच्या 119.6 मेगाहर्ट्झवर वैमानिकांना मधूनच गाणी ऐकू यायला लागली. जवळच एका मनोऱ्यावर दोन एफएम केंद्रं होती, एक 93.2 वर आणि एक 106.4 वर. 106.4 ची दुप्पट 212.8, त्यातून 93.2 वजा, उरले 119.6. गणित इतकं चोख जमलं की मी खुर्चीतून उठलेच नाही. त्या दोघांतल्या नव्या केंद्राच्या ट्रान्समीटरचा फिल्टर सदोष, असा अहवाल दिला. त्यांनी बिचाऱ्यांनी नवा फिल्टर बसवला. गाणी चालूच. मग रिगर, म्हणजे मनोऱ्यावर चढून काम करणारा कामगार, हातातला रिसीव्हर घेऊन वर चढला. मनोऱ्याच्या मधल्या टप्प्यावर एक गंजलेला क्लॅम्प होता. त्याच्यावर रबरी हातोडी मारली की गाणं तुटायचं, सोडली की पुन्हा सुरू. गंज लागलेला सांधा डायोडसारखा, म्हणजे वीज एकाच दिशेने सहज जाऊ देणाऱ्या भागासारखा, वागतो, दोन्ही लहरी तिथेच एकमेकींत मिसळत होत्या. क्लॅम्प बदलला, आकाश शांत.

गणित बरोबरच होतं. चुकलं ते मी न लिहिलेलं गृहीतक, की ट्रान्समीटर सोडून मनोऱ्यावरचं बाकी सगळं सरळ वागतं. लिहिलं असतं तर त्या केंद्राच्या इंजिनिअरने वाचताक्षणी बोट ठेवलं असतं. त्याला तो क्लॅम्प माहीत होता म्हणे.

तू क्लायंटची बाजू मांडतेस यात मला काही वावगं वाटत नाही. वकील मांडतो तशीच ती मांडायची असते, आणि निःपक्षपातीपणाचा आव आणणारे सल्लागार मला जास्त खटकतात. नोकरी सोडायच्या गोष्टीही नकोत, तुझं कालचं ते वाक्य मी ऐकलंच नाही असं समजते. फक्त बारा आणि अठरा दोन्ही चालवून बघ. प्रत्येकाखाली टक्केवारी लिही, दोन्ही अंतरं एकाच तक्त्यात मांड, आणि तो तक्ता परिशिष्टातून उचलून पहिल्या पानावर आण. अठरा क्लायंटने दिलेला असेल तर "क्लायंटकडून प्राप्त" असं स्पष्ट लिही.

साहेब कुरकुरतील. त्यांना एवढंच सांग, की मसुदा हरकतींसाठी खुला झाला की समोरच्या पक्षाचा सल्लागार परिशिष्टच आधी उघडतो. मी वीस वर्षं तेच केलं. एकदा का त्याने तो आकडा उचलून दाखवला, की आपल्या अहवालातल्या बरोबर आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. हे ते तुझ्यापेक्षा लवकर समजतील, आणि तसंच झालं तर आपण जिंकलो असं चेहऱ्यावर दाखवू नकोस.

तर आधी अठराची टक्केवारी काढ. आडोशाच्या मॉडेलची फाईलही पाठव, जुन्या सवयीने एकदा नजर टाकते. रात्री कितीही वाजता फोन केलास तरी चालेल.

तुझी,
आई