घरातला रविवर्मा विकण्याआधी भिंग घ्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

हल्ली जुने वाडे पाडून बिल्डिंगी होतायत आणि माळ्यावरनं जुन्या फ्रेमा निघतायत, त्यात लक्ष्मी नाहीतर सरस्वती असतेच आणि खाली रविवर्म्याची सही दिसली की घरातले एकतर लाखांची स्वप्नं बघतात नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकतात. दोन्ही चूक आहे म्हणून हे पत्र.

सहीवर अजिबात जाऊ नका, कारण मूळ चित्रातली सही प्रिंटमध्ये पण छापून यायची. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत प्रेस काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून ही चित्रं घरोघरी, देव्हाऱ्यात पोचली. दगडावर एकेका रंगाचं वेगळं चित्र काढायचं, एकावर एक छापायचं, वरून व्हार्निश, कधीकधी कागदाला कॅनव्हाससारखे दाबाचे उठाव पण द्यायचे. त्यामुळे लांबून तैलचित्रच वाटतं हो, त्यासाठीच तर केलेलं असायचं!

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि लक्ष्मीच्या गालावर धरा. गुलाबी, पिवळे, निळसर असे बारीक बारीक ठिपके दिसले की ते छापील. ठिपके अगदी एकसारखे, ओळीत आणि छोट्या गोल नक्षीत बसलेले असले तर मग बहुतेक नंतरचं ऑफसेट प्रिंट, जुन्या शिळाप्रेसचे ठिपके हाताचे असल्याने जरा वेडेवाकडे असतात. मग टॉर्च बाजूने तिरका मारा, तैलचित्रात रंगाचा थर दागिन्यांवर, काठापदरावर ब्रश जसा फिरला तसा उचललेला दिसतो, छापील चित्रातला उठाव चेहरा असो की आकाश सगळीकडे एकच. मात्र प्रिंटवर वरून ऑइल कलर मारून ओरिजिनल म्हणून विकणारे पण असतात, म्हणून भिंग एकाच जागी नाही, चार-पाच ठिकाणी धरायचं. चित्राखाली प्रेसचं नाव छापलेलं असायचं, ती पट्टी बऱ्याचदा फ्रेम करताना कापली जायची, त्यामुळे नाव नाही म्हणजे ओरिजिनल असंही नाही.

आमच्या नात्यात एकांनी ओल्या फडक्याने पुसलं आणि व्हार्निशसकट रंग गेला, कृपा करून असं करू नका, फ्रेम पण स्वतः उघडू नका, कागद ठिसूळ झालेला असतो.

आणि छापील निघालं तरी टाकू नका! जुनी शिळाप्रेसची प्रत आज जमवणारे लोक आहेत, जरीटिकल्या लावून सजवलेली तर बघतच राहावी अशी असते. आणि खरंच मूळ चित्र निघालं तर 1979 पासून रविवर्म्याची चित्रं राष्ट्रीय कलासंपत्ती आहेत, कायद्याने देशाबाहेर विकता येत नाहीत, कोणी परदेशी गिऱ्हाईक आणतो म्हणाला तर सावध व्हा.

माझी मागणी एवढीच की आपल्या सरकारी म्युझियमनी महिन्यातनं एक दिवस लोकांची अशी चित्रं फुकट तपासून द्यावीत, किंमत नका सांगू, फक्त हाताचं की छापील एवढं सांगा. त्यांच्याकडे जाणकार माणसं आहेत आणि लोकांना सध्या डीलरशिवाय विचारायला कोणी नाही, आणि ज्याला विकत घ्यायचंय तो खरं का सांगेल? आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा