डावीकडची जास्तीची शीर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, म्हणजे माझं हार्ट नॉर्मल नाही का?" आणि मी "काही नाही रे, सगळं ठीक आहे" म्हणून विषय मिटवला. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आता 19 वर्षांचा झालास, सगळं नीट कळायला हवं तुला.

रिपोर्टात 'पर्सिस्टंट लेफ्ट सुपीरिअर व्हेना कॅव्हा' असं लिहिलंय. डोकं, मान आणि दोन्ही हातांकडून परत येणारं रक्त एका मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पोचतं. शाळेच्या पुस्तकात तिला ऊर्ध्व महाशिरा म्हणायचे. ती छातीत उजवीकडे असते. तुझीही आहे, पण तिच्या जोडीला डावीकडे आणखी एक आहे.

ही शीर कुठून उगवली, असं मला वाटत होतं. पण ती उगवलेली नाही, राहून गेलेली आहे. पोटात असताना सुरुवातीला प्रत्येकालाच अशा दोन शिरा असतात, एक उजवी, एक डावी. आठव्या आठवड्याच्या सुमारास डावीकडचं रक्त उजवीकडे नेणारी एक आडवी वाट तयार होते, डाव्या शिरेचं काम संपतं आणि ती मिटत जाते. मागे राहतो तो एक बारीक पदर. जॉन मार्शल नावाच्या इंग्रज सर्जननं 1850 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून आजही त्याला मार्शलचंच नाव आहे. तुझी आडवी वाट बारीक राहिली आणि डावी शीर वाहती राहिली. सशाला आणि उंदराला तर जन्मभर दोन्ही शिरा असतात. माणसांत हजारामागे 3 ते 5 जणांना ही डावी शीर असते आणि त्यातल्या कित्येकांना ते कधी कळतही नाही.

आठवा आठवडा हे शब्द ऐकले आणि मी त्या दिवसांवरून मनात पुन्हापुन्हा फिरून आले. काय खाल्लं होतं, कुठली गोळी घेतली होती, धावपळ जास्त झाली होती का. शेवटी डॉक्टरांना विचारलंच. ते म्हणाले, तुमच्या कुठल्याही वागण्यामुळे हे झालेलं नाही. हे तुला सांगते, कारण माझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते तुझ्या आजाराचं भय आहे असं तू समजला असशील. ते तसं नव्हतं.

खेळाच्या निवडीआधीच्या तपासणीत एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, त्यांना हृदयाच्या मागची कोरोनरी सायनस नेहमीपेक्षा मोठी दिसली. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूतलं रक्त गोळा करणारी ती शीर. तिच्यात जास्तीचं रक्त येतंय कुठून, हे शोधायला तुझ्या डाव्या हातातून फेसाळलेलं सलाइन दिलं, आठवतंय? तू छताकडे बघत होतास, मी पडद्याकडे. पांढरे बुडबुडे आधी कोरोनरी सायनसमध्ये आले, मग उजव्या कप्प्यात. डावा कप्पा काळाच राहिला. मी त्या काळ्या कप्प्यावरून नजर हलवली नव्हती. म्हणजे तुझी डावी शीर कोरोनरी सायनसमधून उजव्या कप्प्यातच उघडते. काही थोड्या लोकांत ही डावी शीर सरळ डाव्या वरच्या कप्प्यात उघडते. मग ते रक्त फुप्फुसांना टाळून शरीरात जातं, आणि शिरेतली एखादी गुठळी किंवा हवेचा बुडबुडा मेंदूपर्यंत पोचू शकतो. तुझं तसं नाही. हृदयात छिद्र किंवा आणखी काही दोष आहे का, तेही पाहिलं. काही निघालं नाही.

"मग ही बंद करून टाकता येईल का?" असं मी विचारलं होतं. "बंद केली तर डावीकडचं रक्त जाणार कुठून?" ते म्हणाले. मला ते तेव्हा पटलं आणि आजही पटतं. चालती वाट आहे ती, चालू दे.

आता तुझ्याकडून एकच हवं. पुढे कधी मानेतून किंवा खांद्याखालून मोठ्या शिरेत नळी घालायची वेळ आली, पेसमेकर बसवायचा झाला, हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तर आधी सांगायचं, "मला डावीकडेही महाशिरा आहे, ती कोरोनरी सायनसमध्ये उघडते." डावीकडून घातलेली नळी तुझ्या छातीत वेगळ्याच वाटेनं खाली उतरते. एक्स-रेत ती पाहून ती धमनीत शिरली असं वाटू शकतं, आणि घाईत कोणी ती पुढे ढकलली तर इजा होऊ शकते. पेसमेकरची तारही त्या वळणावरून नेणं अवघड. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवायचं औषध कधीकधी कोरोनरी सायनसमधून उलटं देतात. तुझ्यात ते त्या शिरेतून वर निघून जाऊ शकतं. आधी माहीत असलं की डॉक्टर त्याप्रमाणे आखणी करतात. आणि छातीत विनाकारण धडधड सुरू झाली किंवा चक्कर आली, तर परीक्षा संपेपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. खेळणं मात्र सोडू नकोस, त्यांनी तुला कसलीच बंदी घातलेली नाही.

ते वाक्य एका कार्डावर लिहून, रिपोर्टच्या प्रतीबरोबर या पाकिटात ठेवलंय. कार्ड ओळखपत्राच्या मागे घाल आणि खोलीतल्या मित्राला दाखवून ठेव.

पुढच्या तपासणीला मी येईन, पण बाहेर बसेन. आत जे विचारायचं ते तू विचार.

तुझी,
आई