गोळी निम्मी, क्लेम साफ

महोदय,

ज्येष्ठांच्या प्रवास विम्यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. 'पॉलिसी नीट वाचली तर क्लेम सहसा अडत नाही' असे लेखकमहाशय म्हणतात. आम्ही ती भिंग घेऊन वाचली होती, साहेब. आईचा रक्तदाब अर्जात गोळीच्या नावासकट लिहिला होता, त्यापायी जादा हप्ताही भरला होता.

प्रवासात आईला न्यूमोनिया झाला. ॲडमिट करण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "निर्धास्त ॲडमिट करा." घरी परतल्यावर 3 महिन्यांनी पत्र आले : क्लेम नामंजूर. का, तर पूर्वीचा आजार प्रवासाला निघण्याआधी 90 दिवस 'स्थिर' हवा आणि आईच्या गोळीचा डोस त्या काळात बदलला होता. बदलला होता, खरे आहे. निम्मा केला होता, कारण रक्तदाब उतरला होता! औषध वाढले तरी अस्थिर, कमी झाले तरी अस्थिर. म्हणजे म्हातारीने बरे व्हायचेच नाही, असे ठळक अक्षरांत छापा की मग.

बरे, रक्तदाबामुळे काही झाले असते तर गोष्ट वेगळी. फुप्फुसातल्या जंतुसंसर्गाशी त्याचा काय संबंध? तर इस्पितळाच्या कागदावर पहिल्याच ओळीत 'रक्तदाबाचा जुना त्रास' लिहिले आहे म्हणे. अहो, ती ओळ डॉक्टर प्रत्येक पेशंटला विचारून लिहितात! 'न्यूमोनियाचा रक्तदाबाशी संबंध नाही' असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडून फेरविचाराचा अर्ज केला. कोणत्या डॉक्टरच्या मतावरून क्लेम नाकारलात, ते लेखी कळवा, असेही विचारले. उत्तरादाखल जुनेच पत्र आले, फक्त तारीख नवी. मदत क्रमांकावर 'आपला कॉल रेकॉर्ड होत आहे' असे ऐकवतात, म्हणून ते रेकॉर्डिंग मागितले. ते म्हणे उपलब्ध नाही.

लेखाच्या खालीच अर्धे पान विम्याची जाहिरात होती, आजी-आजोबा हसताहेत. योगायोग असावा.

परवा आईचा रक्तदाब पुन्हा थोडा कमी भरला. "डॉक्टरांना सांगू का, की तुझा अर्ज संपेपर्यंत थांबू?" असे तिने मला गंभीरपणे विचारले.

– एक वाचक

ता. क. शब्दकोड्याची उत्तरे गेले दोन रविवार छापलेली नाहीत. निदान तो क्लेम तरी मंजूर करावा.