तो पिझ्झाचा गाळा घेऊ का?

सातारा
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "अनू, घेणार आहेस की नाही, तेवढं सांग." मला तेवढंच सांगता येईना. फोन ठेवल्यापासून डोक्यात दुसरा विषय नाही. आज जेवणं उरकली, अजय झोपला आणि मी कागद घेऊन बसले. तू बँकेत वीस वर्षं कर्जाच्या टेबलावर काढलीस, असले हिशेब ढिगानं पाहिलेस. पण मी तुला लिहितेय ते तू मला ओळखतेस म्हणून.

दुकान तू पाहिलंयस. दिवाळीत आलीस तेव्हा पोवई नाक्यावरून परतताना बसलो होतो ते, बारा खुर्च्यांचं. मालक मुलीच्या शिक्षणासाठी सगळं आवरून पुण्याला चाललेत. 14 लाख मागताहेत. त्यात ओव्हन, पीठ मळायचं मशीन, दोन फ्रीज, फर्निचर आणि दुकानाचं नाव आलं. गाळा भाड्याचा, महिना 22,000, डिपॉझिट वेगळं.

"रोजचे 45 पिझ्झे कुठे गेले नाहीत," असं मालक म्हणाले. माणूस खोटा नाही. चांगल्या दिवसांचा आकडा लक्षात राहतो, तसं झालं असणार. मी मात्र त्यांच्याकडून चीजची तीन महिन्यांची बिलं मागून घेतली. सतरा वर्षं दुसऱ्यांचे जमाखर्च लिहिल्यावर एवढं कळतं, की गल्ला तोंडी सांगता येतो, माल मात्र विकत आणावाच लागतो. सरासरी निघाली महिन्याला 96 किलो. त्यांच्या मापाप्रमाणे मध्यम पिझ्झ्याला 80 ग्रॅम, म्हणजे 1,200 पिझ्झे, दिवसाला 40. जवळपास जुळलं, म्हणून बरं वाटलं.

मग गेल्या शनिवारी त्यांना विचारून संध्याकाळी सहापासून आत उभी राहिले, घरचा वजनकाटा घेऊन. चीज टाकायला एक पोरगा आहे. तो मुठीनं टाकतो. प्रत्येक मूठ आधी वाटीत टाक म्हटलं आणि वजन लिहीत गेले. 98, 112, 104, 117. गर्दी वाढली तशी मूठही वाढत गेली. दहा पिझ्झ्यांची सरासरी आली 105 ग्रॅम. आता तोच 96 किलोचा हिशेब मांड. पिझ्झे होतात नऊशेच्या थोडे वर, म्हणजे दिवसाला 30. गार्लिक ब्रेडला जाणारं चीज धरलं तर त्याहूनही कमी. बँकेचं पासबुक आणि यूपीआयची जमाही हेच सांगते: सगळं मिळून दिवसाला सरासरी 7,500 रुपये.

खाली बघ. महिन्याची विक्री 2,25,000. माल 85,000, भाडं 22,000, तिघांचे पगार 42,000, लाइटबिल 16,000, गॅस 5,000. एक तृतीयांश ऑर्डरी अ‍ॅपवरून येतात, त्यांचं कमिशन 19,000. दुकानातल्या विक्रीवरचा जीएसटी 7,000, अ‍ॅपवरच्या ऑर्डरींचा 2022 पासून अ‍ॅपवालेच भरतात. उरले 29,000. 14 लाख द्यायचे तर माझे 6 आणि कर्ज 8. पाच वर्षांसाठी 11 टक्क्यांनी हप्ता साधारण 17,400 बसतो. हातात राहतात साडेअकरा हजार, आणि त्यासाठी मी 34,000 ची नोकरी सोडायची. हे लिहिलं तेव्हा वही मिटून ठेवली होती मी, सुमे. दोन दिवस उघडली नाही.

पुन्हा उघडली ती त्या मुठीमुळे. पिझ्झ्यामागे 25 ग्रॅम जास्त, म्हणजे महिन्याला 23 किलो, साडेचारशे रुपये किलोनं दहा हजारांच्या वर. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून चीजवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. आपण गिऱ्हाइकाकडून 5 टक्के घेतो त्यात खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे चीजवर जेवढा कर कमी तेवढा खर्चच कमी. पण मला वेगळीच धास्ती वाटत होती. लोक त्या भरघोस चीजसाठीच येत असतील आणि मी हात आखडला तर? म्हणून दोन पिझ्झे करून घेतले, एक 80 चा, एक 105 चा, आणि आमच्या ओमला आणि त्याच्या तीन मित्रांना काही न सांगता दिले. दोन्ही साफ. कुठला आवडला विचारलं तर चौघांचं एकमत होईना. मी ताटल्या उचलल्या तेव्हा एक गोष्ट दिसली. एकाही ताटलीत काठ उरला नव्हता. पोरं काठ टाकून देतात गं, सगळीकडे टाकतात. इथं काठसुद्धा खाल्ले होते.

तेव्हा मला कळलं, हे दुकान कशावर चालतं. ते पिठावर चालतं, आणि ते पीठ करणारा दादा 14 लाखांच्या यादीत कुठेच नाही.

जावळीतल्या एका गावचा आहे. पाचगणीत एका हॉटेलात शिकला. दुकान बंद व्हायच्या सुमाराला त्याचं खरं काम सुरू होतं. मैदा, मीठ, चिमूटभर यीस्ट, थंड पाणी. किलोला 620 ग्रॅम पाणी धरतो, उन्हाळ्यात थोडं कमी. मळून झालं की एकेक गोळा तोलून घेतो आणि खाली बोटांनी आत ओढून असा वळतो, की वरची बाजू फुग्यासारखी ताणली जाते. मग ट्रेमध्ये मांडून फ्रीजमध्ये, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. थंडीत गोळे तीन तास आधी बाहेर काढतो. घाई केली तर पसरवताना पीठ मागे ओढलं जातं, जास्त वेळ राहिलं तर आंबट होतं आणि फाटतं. एक ट्रे माझ्या नाकापाशी धरून म्हणाला, "ताई, हा वास आला की समजायचं." अगदी आईच्या आंबोळीच्या पिठाचा वास, सुमे. सकाळी भांड्यावरचं झाकण काढल्यावर यायचा ना, तो. आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी तिथं उभ्या उभ्या रडले, आणि तो बिचारा ट्रे धरून तसाच उभा राहिला.

आपल्या हॉस्टेलचा पिझ्झा आठवतो? बेकरीतला तयार बेस, टोमॅटो सॉस, ढोबळी मिरची, वर किसलेलं चीज, आणि तव्यावर झाकण ठेवून शेकायचा. खालून करपायचा, वरचं चीज कच्चंच. किती आनंदानं खायचो आपण. तेव्हापासून माझ्या मनात आहे, की आपलं असं काहीतरी छोटं असावं, जिथे चार लोक येऊन समाधानानं जेवतील. आता पंचेचाळिशीला आले. हे काही आज उठून डोक्यात आलेलं खूळ नाही, एवढं तुला सांगायला नको.

म्हणून मी त्याला सरळ विचारलं, मी दुकान घेतलं तर राहाल का? तो म्हणाला, "मालकांनी अजून मला सांगितलंच नाही दुकान विकताहेत ते." मला फार लागलं ते. ज्याच्या हातावर सहा वर्षं दुकान चाललं त्याला बाहेरच्या बाईकडून कळावं! आज त्याला 18,000 मिळतात. मी 22,000 देईन आणि आठवड्याची एक सुट्टी देईन, असं सांगून आले. पीठ मळायला मीही शिकणार, त्याच्याच हाताखाली. एका माणसाच्या आजारपणावर दुकान बंद पडता कामा नये.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. फूड लायसन्स आणि जीएसटी नंबर दोन्ही मालकांच्या नावावर आहेत. मला माझ्या नावानं नवीन काढावे लागतील, शॉप अ‍ॅक्टची नोंदही नव्यानं. खरी मेख गाळ्याच्या करारात आहे. लिव्ह अँड लायसन्सचे चौदाच महिने उरलेत. आज मी पैसे ओतले आणि पुढच्या वर्षी गाळेमालक "रिकामा करा" म्हणाले, तर मी ओव्हन कुठे घेऊन जाऊ? माझ्या नावानं पाच वर्षांचा नोंदणीकृत करार, भाडेवाढ किती ते त्यात लिहिलेलं, एवढं हातात आल्याशिवाय मी टोकनचा एक रुपया देणार नाही. यावर मी ठाम आहे.

आता मी जिथे पोचलेय ते असं. 9 लाख देईन. 6 माझे, 3 चं कर्ज, हप्ता साडेसहा हजार. चीज काट्यावर तोललं, दादाचा पगार वाढवला, तरी महिन्याला अठ्ठावीस हजारांच्या आसपास राहतात. माझ्या पगाराहून कमीच, पण त्यात घर चालतं. मे महिन्यात कॉलेजची मुलं गावी जातात तेव्हा विक्री पडणार, म्हणून दोन महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला ठेवायला हवेत. तेवढ्यासाठी माझ्या पाटल्या मोडाव्या लागतील. अजय हो म्हणाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण काल त्यांनी स्वतःच्या कपाटातून जुनी पितळी तागडी काढून घासून ठेवली आणि म्हणाल्या, "ही घेऊन जा दुकानात."

मालकांना बुधवारपर्यंत मुदत मागितली होती, आता पुढच्या सोमवारपर्यंत वाढवून घेतलीय. 9 लाखांना ते तयार होतील का, सांगता येत नाही. 10 म्हणाले तर मी विचार करेन. 11 म्हणाले तर नमस्कार करून घरी येईन, आणि त्या रात्री तुला फोन करून खूप रडेन.

तू शुक्रवारी रात्री निघ, शनिवारी ये. माझी आकडेमोड लाल पेनानं तपास. माल 85,000 धरलाय तो मला अजून कमी वाटतो, तिथे नीट बघ. आणि रात्री साडेनऊला माझ्याबरोबर दुकानात चल. दादाला सांगून ठेवलंय, माझी मैत्रीण येणार आहे, पीठ तिच्यासमोर मळा.

तुझीच,
अनू