गोठवलेले भ्रूण आणि संमतिपत्र

संपादक महोदय,

उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये भ्रूण वर्षानुवर्षे टिकतो. जोडप्याचे एकमत तितके टिकेलच असे नाही. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारखे उपचार) कायद्याच्या कलम २२ नुसार, एक जोडीदार मरण पावला किंवा अक्षम झाला तर भ्रूणाचे काय करायचे, हे लेखी घेतल्याशिवाय क्लिनिकला भ्रूण गोठवता येत नाही. मात्र त्या तरतुदीत घटस्फोटाचा उल्लेख नाही, आणि खरी भांडणे तिथेच होतात. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. मग उरलेल्या भ्रूणांवर हक्क कुणाचा?

साठवणुकीची कमाल मुदत दहा वर्षे (कलम २८). त्यानंतर भ्रूण नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. पत्ता-फोन बदलला की ही संमती मिळवणार कशी?

अमेरिकेत अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा भ्रूणांना ‘मूल’ ठरवले आणि तिथल्या काही क्लिनिकांनी उपचारच थांबवले. ते टोक आपल्याला नको. पण भ्रूण म्हणजे लॉकरमधला दागिनाही नव्हे. संमतिपत्रात घटस्फोटाचा वेगळा रकाना सक्तीचा करावा, आणि तो दरवर्षी शुल्क भरताना दोघांच्या सह्यांनी ताजा करून घ्यावा.

— एक भ्रूणतज्ज्ञ, पुणे