खुबा तपासणे हे परिचारिकेचेच काम

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला बाळांच्या निखळलेल्या खुब्यावरचा लेख वाचला. विषय घेतलात, बरे केलेत. पण परिचारिकेचे काम वजन आणि लशीवर संपवलेत, ते पटले नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा जन्मदोष २०१३ पासून आहे, आणि बाळाला उघडे करून सर्वांत जास्त वेळा बघते ती सिस्टरच.

या तपासणीला यंत्र लागत नाही. बाळ दूध पिऊन शांत झालेले हवे, हात गरम हवेत, लंगोट काढलेला हवा. रडत्या बाळाचे स्नायू ताठतात आणि दोष हाताला लागत नाही. एका वेळी एकच खुबा तपासायचा. गुडघा वाकवून अंगठा मांडीच्या आत, मधले बोट बाहेरच्या हाडावर. मांडी आत घेऊन हलकेच मागे दाबली की सैल सांधा निसटतो. बाहेर फाकवत बोटाने उचलली की निखळलेला सांधा आत बसल्याचा ठोका हाताला जाणवतो. नुसती कटकट म्हणजे दोष नव्हे. जोर मात्र कधीच लावायचा नाही.

तीन महिन्यांनंतर हा ठोका सहसा मिळत नाही. तेव्हा मांडी नीट फाकते का, ते पाहायचे. दोन्ही खुबे निखळले असतील तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, तिथेच फसगत होते. ६, १० आणि १४ आठवड्यांना मांडीत लस देतातच. लंगोट तसाही सुटतो, मग सुईआधी मांड्या फाकवून बघायला कितीसा वेळ लागतो? सत्रात तेवढी सवड आणि नोंदवहीत एक रकाना द्या, एवढीच मागणी आहे.

पायाळू बाळ, विशेषतः मुलगी, किंवा घरात कुणाला हा दोष असेल, तर तपासणी चांगली आली तरी सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी हवी. त्या वयात मांडीच्या हाडाचे डोके कूर्चेचे असते, एक्स-रेत दिसत नाही. सहा महिन्यांच्या आत सापडले तर बहुधा मांड्या फाकलेल्या ठेवणाऱ्या पट्ट्यांवर भागते. चालायला लागल्यावर सापडले तर बहुतेकदा शस्त्रक्रियाच.

आणि लेखासोबतचा तो फोटो! पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट आवळलेले बाळ. अशा बांधण्यानेच सैल खुबा निखळतो. वरचे अंग गुंडाळा, पण गुडघे वाकून मांड्या मोकळ्या फाकतील इतकी खाली जागा सोडा. पुढच्या पुरवणीत तसे चित्र छापा.

एक निवृत्त परिसेविका, सातारा